एका तुळशीपाशी बसून: पुणे परिसरातील रानमाश्या पाहण्याची आणि टिपण्याची पद्धत

पुण्यात मधमाश्यांचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पाण्याच्या टाकीखाली किंवा उंच इमारतीच्या सज्जाला लटकलेले आग्या मोहोळ उभे राहते आणि बोलणे लगेच ते काढायचे कसे याकडे वळते. जगात मधमाश्यांच्या २०,००० हून अधिक जातींची नोंद झालेली आहे, भारतात ७०० हून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य जाती मोहोळ बांधत नाहीत, मध साठवत नाहीत आणि माणसाच्या वाटेला जात नाहीत. एकच मादी जमिनीत, वाळक्या काडीत किंवा भिंतीच्या भोकात घर करते, परागाचा गोळा साठवते, त्यावर अंडे घालते आणि दार बंद करून निघून जाते. अशा माशीला या लेखात एकांडी माशी म्हटले आहे. आग्या, सातेरी, फुलोरी या मोहोळ करणाऱ्या देशी माश्यांचाही उल्लेख पुढे येईल, परंतु नवख्या निरीक्षकाने सुरुवात एकांड्या माश्यांपासून करावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्या जवळ येऊ देतात आणि घराच्या गच्चीतही भेटतात.

गणेशखिंड रस्त्यावर १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, त्यामुळे मधपेट्या आणि मधमाशीपालन शिकू इच्छिणाऱ्यांची पुण्यात चांगली सोय आहे. एकांड्या माशीची पेटी नसते. तिला शोधायला आपणच जावे लागते आणि ती दिसण्यासाठी आधी डोळा तयार करावा लागतो.

पहिली पायरी: माशी कोणती आणि माशीसारखे दिसणारे कोणते

पहिल्या आठवड्यात कॅमेरा घरी ठेवावा. फुलावर बसलेला, पिवळे-काळे पट्टे असलेला प्रत्येक कीटक मधमाशी नसतो. फुलापुढे हवेत एका जागी स्थिर राहणारी, पट्टेदार, चकचकीत माशी ही बहुधा फुलमाशी असते. तिला पंखांची एकच जोडी असते, मिशा आखूड, जेमतेम दिसतील एवढ्या असतात आणि मोठे डोळे डोक्याचा बराचसा भाग व्यापतात. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, मिशा लांब व मध्ये कोपरासारख्या वाकलेल्या असतात आणि डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. गांधीलमाशी आणि कुंभारीण यांची कंबर बारीक असते व अंगावर लव फारच थोडी असते. मधमाशी बहुधा लवदार असते, कारण पराग अडकवून ठेवण्यासाठी तिला ती लव लागते.

पराग ती कुठे वाहून नेते हे पाहण्याची सवय लावून घ्यावी, कारण ओळखीची निम्मी वाट तिथेच चालून होते. सातेरी किंवा फुलोरी माशी पराग ओला करून मागच्या पायांवरच्या टोपलीत घट्ट गोळ्याच्या रूपात ठेवते. पानकापी माशी पराग पायांवर नेत नाही. तिच्या पोटाच्या खालच्या बाजूला केसांचा ब्रश असतो आणि तो परागाने भरला की फुलावरून उठताना तिचे पोट खालून पिवळेधमक दिसते.

दुसरी पायरी: आपल्या जवळच्या पाच-सहा माश्या

नावांची लांबलचक यादी पाठ करण्यात अर्थ नाही. पुढील माश्या ओळखता आल्या तर पुण्यातील पहिले वर्ष उत्तम गेले असे समजावे.

भुंगा ही मधमाशीच आहे, हे कळल्यावर अनेकांना आश्चर्य वाटते. काळाभोर, पंखांवर निळसर-जांभळी झाक असलेला आणि अंगठ्याच्या पेराएवढा हा सुतारभुंगा वाळक्या लाकडात किंवा बांबूत अगदी गोल भोक पाडतो आणि भोकाखाली भुश्याची बारीक रास दिसते. काही जातींचे नर अंगभर सोनेरी-पिवळ्या लवीचे असतात. आपल्या चेहऱ्यासमोर येऊन हवेत थांबणारा भुंगा बहुधा नर असतो आणि नराला डंख नसतो, ही गोष्ट सर्वच मधमाश्यांना लागू आहे. रुईच्या झुडपापाशी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये वेताळ टेकडीवर फुललेल्या गिरिपुष्पाच्या झाडांखाली भुंगे हमखास सापडतात.

निळ्या पट्ट्यांची माशी तुळशीवर येते. काळ्या पोटावर आकाशी-निळे पट्टे, पुढे ताठ धरलेली लांब सोंड आणि सातेरीपेक्षा चढ्या स्वरातला गुणगुणाट या तीन खुणांवरून ती ओळखता येते. ती एका मंजिरीवर क्षणभरही टिकत नाही. तिच्याच घरात चोरून अंडी घालणारी दुसरी एक माशी आहे. ती काळी असून तिच्या अंगावर निळ्या रंगाचे ठिपके असतात आणि ती स्वतः पराग गोळा करत नाही. दोघी एकाच परिसरात दिसल्या तर निळ्या पट्ट्यांच्या माशीची घरे जवळच्या मातीच्या उभ्या कडेत किंवा जुन्या मातीच्या भिंतीत असण्याची शक्यता आहे.

पानकापी माशी आपल्याला आधी दिसत नाही, तिचे काम दिसते. गुलाबाच्या किंवा कांचनाच्या पानांच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले असतात. अळीने खाल्लेले पान वेडेवाकडे कुरतडलेले असते, माशीने कापलेल्या पानाची कड स्वच्छ वर्तुळाकार असते. असे पान दिसले तर औषध फवारू नये, त्या कुंडीजवळ बसावे.

काडीत राहणारी लहान सुतारमाशी सात-आठ मिलिमीटरची, बहुधा चकाकत्या हिरव्या किंवा काळ्या रंगाची असते. घामावर येऊन बसणाऱ्या छोट्या माश्या याहूनही बारीक असतात आणि त्यांची घरे उघड्या, टणक जमिनीत असतात. टेकडीच्या पायवाटेवर मुंग्यांच्या वारुळासारखी इवलीशी मातीची रास दिसली आणि तिच्या मध्यभागी पेन्सिलीच्या टोकाने पाडल्यासारखे एकच नीट भोक असले तर थांबावे. थोड्या वेळाने त्यातून एक डोके बाहेर डोकावते. डंखविरहित माश्या मात्र मोठ्या वसाहतीत राहतात. झाडाच्या ढोलीच्या किंवा जुन्या दगडी भिंतीच्या फटीतून मेण आणि राळ यांची बोटभर नळी बाहेर आलेली असते, तीच त्यांची वेस. जुन्या वाड्याची भिंत पाडण्यापूर्वी अशी नळी कोणी पाहत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

तिसरी पायरी: जागा, ऋतू आणि घड्याळ

सर्वांत सोयीची जागा म्हणजे स्वतःची गच्ची किंवा सोसायटीची बाग. तुळशीच्या दोन-तीन कुंड्या, वांग्याचे एक झाड आणि मुद्दाम न उपटलेला दगडी पाला एवढ्यावर वर्षभर काम चालते. त्यानंतर वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पाषाण तलावाचा काठ आणि एम्प्रेस गार्डन या जागा आहेत. पावसाळ्याच्या शेवटी सिंहगडाच्या उतारांवर तेरडा आणि सोनकी फुलते तेव्हा तिकडे जरूर जावे, मात्र रविवार टाळून.

ऋतूंचे गणित साधे आहे. सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ सर्वांत भरीचा, कारण गवतातली सगळी रानफुले त्या वेळी उमललेली असतात. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे चांगलीच थंडी असते आणि माश्या ऊन चढल्याशिवाय हलत नाहीत, त्यामुळे नऊच्या आधी जाऊन उपयोग नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर फुलतात आणि लक्ष वर झाडांकडे न्यावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत बहाव्याखाली सकाळी सातलाच उभे राहावे. दुपारी माशीही थकते आणि निरीक्षकही.

रात्री मधमाश्या झोपतात, हे सर्वांना ठाऊक आहे, परंतु आपल्याच जिल्ह्यातील भीमाशंकरच्या जंगलात याला अपवाद आढळला आहे. तेथील सुतारभुंग्याची एक जात चंद्र नसलेल्या रात्रीही उडते आणि वारस वृक्षाच्या रात्री उमलणाऱ्या फुलांना भेट देते, असे तेथे झालेल्या अभ्यासातून दिसून आले. भीमाशंकर हे अभयारण्य आहे, त्यामुळे वन विभागाच्या परवानगीशिवाय तेथे रात्री जाण्याचा विचारही करू नये.

चौथी पायरी: बसणे

नवखा छायाचित्रकार माशीच्या मागे धावतो आणि तासाभराने त्याच्याजवळ रिकाम्या फुलांचे शंभर फोटो असतात. माशीच्या मागे जायचे नसते, तिच्या वाटेवर आधीच जाऊन बसायचे असते. एक झाड निवडावे, त्यापासून हातभर अंतरावर, आपली सावली फुलांवर पडणार नाही अशा बाजूला बसावे आणि पहिली वीस मिनिटे काहीही टिपू नये. मळकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, अत्तर किंवा वासाचे तेल लावू नये. दहा-बारा मिनिटांत माश्या आपल्याला झाडाचाच भाग समजू लागतात आणि त्यांच्या फेरीचा क्रम आपल्या ध्यानात येऊ लागतो. एक माशी खालच्या मंजिरीपासून सुरुवात करून वर चढते, दुसरी ठरावीक मिनिटांनी पुन्हा त्याच फुलावर येते. हा क्रम एकदा लक्षात आला की कॅमेरा त्या फुलावर रोखून वाट पाहता येते.

वांग्याच्या फुलापाशी बसलात तर डोळ्यांबरोबर कानही उघडे ठेवावेत. वांग्याचे परागकोश उघडत नाहीत, त्यांच्या टोकाला फक्त बारीक छिद्र असते. निळ्या पट्ट्यांची माशी किंवा भुंगा पिवळ्या परागकोशांना जबड्यांनी आणि पायांनी घट्ट मिठी मारतो, पंख मिटलेले असतानाच छातीचे स्नायू थरथरवतो आणि त्या कंपाने छिद्रांतून पराग पिठासारखा उडतो. त्या क्षणी आवाजाची पट्टी एकदम बदलते आणि फुलाचा देठ हलताना दिसतो. सातेरीला किंवा आग्याला हे जमत नाही. टोमॅटोच्या आणि तरवडाच्या फुलांवरही हीच करामत पाहायला मिळते.

पाचवी पायरी: कॅमेरा

महागडी सामग्री घेण्याची घाई करू नये. मोबाइलच्या भिंगावर चिमट्याने बसवायची मॅक्रो लेन्स सुरुवातीला पुरते, फक्त तिला विषयापासून तीन-चार सेंटिमीटरवर यावे लागते, म्हणून ती झोपलेल्या किंवा मकरंद पिण्यात गुंग असलेल्या माशीसाठीच उपयोगी पडते. स्वतंत्र कॅमेरा असेल तर ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स सर्वांत सोयीची, कारण तिने माशीला न बिचकवता थोडे लांबून काम करता येते.

फुलावर बसलेल्या माशीसाठी शटरचा वेग किमान १/५०० सेकंद, उडणाऱ्या माशीसाठी १/२००० किंवा त्याहून जलद ठेवावा. छिद्रमान, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत येण्याच्या छिद्राचे माप (अॅपर्चर), एफ/८ ते एफ/११ च्या दरम्यान असावे. फार जवळून टिपताना या छिद्रमानालाही जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो, तेव्हा तो पट्टा डोळ्यावर पडला पाहिजे. डोळा धूसर आणि पंख स्पष्ट असा फोटो ओळखीलाही कामाचा नाही आणि पाहायलाही बरा वाटत नाही. ऑटोफोकस बारीक माशीवर चाचपडत राहतो, म्हणून फोकस एका अंतरावर कायम करून टाकावा आणि स्वतःचे शरीर अगदी किंचित पुढे-मागे झुलवत सलग फोटो घ्यावेत. दहातील एक चांगला आला तरी समाधान मानावे. फ्लॅश वापरायचा असेल तर त्यासमोर बटर पेपर किंवा पातळ पांढरा थर्माकोल धरावा, नाहीतर चकाकत्या अंगावर पांढरे डाग पडतात. काळ्या भुंग्यामागे उजळ आकाश आले तर तो फोटोत निव्वळ काळा ठिपका होतो. अशा वेळी थोडे वर सरकून मागे टेकडीचा उतार किंवा पाने येतील असे पाहावे किंवा एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) एका स्टॉपने वाढवावे.

ओळख पटवून घ्यायची असेल तर एकच सुंदर फोटो पुरत नाही. बाजूने, वरून, चेहऱ्यासमोरून आणि मागच्या पायाचा असे चार कोन मिळवावेत. पंखांच्या शिरांची जाळी स्पष्ट दिसणारा फोटो तज्ज्ञांना फार उपयोगी पडतो, कारण त्या जाळीतील घरांच्या संख्येवरून पानकापी माशीचे कुळ इतर अनेकांपासून वेगळे काढायला मदत होते. फूल आणि पान यांचाही एक स्वतंत्र फोटो घ्यावा.

फोटोसाठी माशी पकडून फ्रीजमध्ये थंड करणे, तिला काडीला चिकटवणे किंवा घर उकरणे हे प्रकार काही जण करतात. ते करू नयेत. तसे करण्याची गरजही नाही, कारण थंड आणि स्थिर माशी निसर्गात रोज संध्याकाळी मिळते.

झोपलेल्या माश्या

एकांड्या माश्यांच्या माद्या रात्री बहुधा घरात असतात, पण नरांना घर नसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सूर्य मावळताना सोसायटीच्या बागेतील दुर्लक्षित कोपऱ्यात, वाळून उभ्या राहिलेल्या काड्यांकडे पाहावे. निळ्या पट्ट्यांच्या माश्यांचे नर एकेक करून येतात, काडीभोवती घिरट्या घालतात, जागेसाठी थोडी ढकलाढकली करतात आणि मग जबड्याने काडी चावून धरतात. पाय आखडून पोटाशी घेतले जातात आणि सगळे शरीर केवळ त्या जबड्याच्या पकडीवर आडवे तोलून राहते. एका काडीवर चार-पाच, कधी त्याहून अधिक नर ओळीने लागतात आणि बरेचदा दुसऱ्या दिवशीही त्याच काडीवर परततात. पहाटे ऊन पोहोचण्यापूर्वी गेलात तर त्यांच्या लवीवर दवाचे थेंब असतात. ऊन पडले की आधी मिशा हलतात, मग एक पाय सुटतो, मग पोट धडधडल्यासारखे हलू लागते आणि काही मिनिटांत काडी रिकामी होते.

हेच नवख्यासाठी सर्वोत्तम छायाचित्रण आहे. तिपाई लावता येते, शटरचा वेग कमी ठेवता येतो, मोबाइलची भिंगेही चालतात. फक्त काडी तोडू नये, तिच्यावर श्वास सोडू नये आणि बॅटरीचा झोत थेट त्यांच्यावर धरून ठेवू नये. बाग स्वच्छ करणाऱ्या मावशींना आणि माळीकाकांना त्या काड्या एकदा प्रत्यक्ष दाखवाव्यात. माझा अनुभव असा, की एकदा पाहिल्यावर ते स्वतःच त्या काड्या राखतात आणि पुढच्या वर्षी आपल्याला बोलावून दाखवतात.

आग्या मोहोळाजवळ

येथे जवळ जाण्याचे नाव काढू नये. फुलोरीचे तळहाताएवढे पोळे झुडपाच्या फांदीवर असते आणि ते काही अंतरावरून शांतपणे टिपता येते. आग्या मोहोळ मात्र लांब पल्ल्याच्या लेन्सने, दुसऱ्या इमारतीच्या खिडकीतून टिपावे. त्याच्या खाली उभे राहू नये, फ्लॅश मारू नये, धूर करू नये, ड्रोन उडवू नये. दुरून नीट पाहिले तर मोहोळाच्या पृष्ठभागावर प्रेक्षागृहात उठते तशी एक चमकती लाट सरकताना दिसते. हजारो माश्या एकामागून एक पोट वर उचलतात आणि त्यामुळे मोठ्या गांधीलमाश्या दूर राहतात. याची चित्रफीत घ्यावी, फोटोत ते पकडता येत नाही.

माश्या अंगावर आल्याच तर चेहरा झाकून सरळ बंद खोलीत किंवा गाडीत जावे, पाण्यात उडी मारू नये. डंख मारल्यावर त्या जागी राहिलेला वास इतर माश्यांना बोलावतो, म्हणून तेथे थांबून नांगी काढत बसू नये, सुरक्षित जागी पोहोचताच नखाने खरवडून काढावी. श्वास लागणे, चेहरा सुजणे, चक्कर येणे यांपैकी काहीही झाले तर लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

माझ्या माहितीतील एका सोसायटीत रात्री औषध फवारून मोहोळ मारले गेले आणि सकाळी वाहनतळावर माश्यांचा सडा पडलेला होता. काही अजून पाय हलवत होत्या. आग्या माश्या फुलोरा संपला की आपण होऊन स्थलांतर करतात. कोणाच्या दारात किंवा खिडकीत मोहोळ नसेल तर काही आठवडे थांबण्याइतका धीर आपण धरू शकतो.

शेवटची पायरी: नोंद

तारीख, वेळ, नेमकी जागा, फुलाचे नाव, हवा कशी होती आणि माशी काय करत होती या सहा गोष्टी त्याच दिवशी वहीत लिहाव्यात. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर फोटो चढवला की जाणकार ओळखीत मदत करतात. परंतु फोटोवरून जातीपर्यंत पोहोचता येईलच असे नाही, कुळापर्यंतची ओळखही मोलाची असते. मोहोळाची नेमकी जागा मात्र सार्वजनिक करू नये.

माझ्या वहीतील सर्वांत जपलेले पान कोथरूडच्या गच्चीतले आहे. एक पानकापी माशी गुलाबाच्या पानावर बसली, कडेने गोल फिरत काही सेकंदांत तुकडा कापला, तो सुटता सुटताच पोटाखाली गुंडाळून धरला आणि खिडकीच्या अॅल्युमिनियमच्या चौकटीतील पाणी जाण्याच्या भोकात शिरली. चार दिवस मी फक्त फेऱ्या मोजल्या: किती वेळा पान, किती वेळा पराग. पाचव्या दिवशी तिने गोल तुकडे एकावर एक बसवून भोक बंद केले. मी ती तारीख लिहून ठेवली, खिडकी धुणे थांबवले आणि रोज सकाळी तिकडे पाहू लागलो. सहाव्या आठवड्यात हिरवे झाकण तपकिरी होऊन मध्ये फुटलेले होते, भोकाच्या तोंडाशी एक नर पंख वाळवत बसला होता, आणि त्याच्या मागे आत आणखी एक डोके हलत होते.